चार पावसाळे जास्त पाहिलेली गाडी

प्रश्न थोडक्यात असा: नोकरी संपवून ठाण्याहून गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी कायमचं राहायला यायचं आहे. घर समुद्रापासून ३०० मीटरवर. हाताशी २०१६ची लहान पेट्रोल हॅचबॅक आहे, ४६,००० किलोमीटर झालेली, आजवर काही त्रास न दिलेली. ती गावी आणावी की विकावी? आणली तर खालून गंजरोधक कोटिंग मारून घ्यावं का? आणि मेव्हणे सांगतायत तसं सीएनजी किट बसवावं का?

आणा, पण एका अटीवर. अट पुढे सांगतो. कोटिंगचं उत्तर लांब आहे, सीएनजीचं अगदी छोटं.

माझ्याबद्दल एवढंच, की याच किनाऱ्यावर २७ वर्षं गॅरेज चालवतोय. स्वतःची हजार सीसीची हॅचबॅक २०११च्या दसऱ्याला घेतली, अजून तीच वापरतो. १,६२,००० किलोमीटर झाले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. नाव घेतलं की माणूस पुढचं वाचायच्या आधीच बाजू घेतो, आणि खारा वारा काही बोनेटवरचा बिल्ला बघून येत नाही.

तुम्ही ४६,००० हा आकडा मोठ्या विश्वासाने लिहिलाय. ठाण्यात त्याला अर्थ आहे. इथे गाडी बघताना मी आधी विचारतो, किनाऱ्यावर किती पावसाळे काढलेत? माझ्या गाडीचं इंजिन आजही पहिल्या सेल्फला सुरू होतं. हेड कधी उघडलं नाही, टायमिंग चेन मूळचीच. क्लच प्लेट दोनदा बदलली, शॉकअप एकदा, चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश किती वेळा ते मोजायचं सोडून दिलं. हा सगळा झिजेचा खर्च, तो पुण्यातल्या गाडीलाही चुकत नाही. पण याच गाडीचा खालचा पत्रा सातव्या वर्षी सडला.

झालं असं, की स्टेपनी बदलायची होती. ड्रायव्हरच्या बाजूला, नेहमीच्या जागी जॅक लावला आणि फिरवायला घेतला. गाडी वर जाईना, जॅकच आत जायला लागला. कुरकुर आवाज, पापड मोडावा तसा. दोन्ही दरवाजांच्या खाली जो लांब पेटीसारखा भाग असतो ना, आम्ही त्याला सिल म्हणतो, तो आतून गेला होता. बाहेरून रंग तुकतुकीत. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर सरळ आत, आणि बाहेर आले मूठभर तपकिरी पापुद्रे नि ओली लाल माती. दुसऱ्यांच्या गाड्या दिवसभर उलथ्यापालथ्या करणारा मी, आणि स्वतःच्या गाडीखाली सात वर्षांत एकदाही नीट वाकून बघितलं नव्हतं. बायकोने ही बातमी माहेरपर्यंत पोचवली. पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्यायला, कारागीर ओळखीचा असूनही, रंगासकट नऊ हजार गेले.

सिल आतून पोकळ असतो. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याच्या तळाशी चण्याएवढी भोकं ठेवलेली असतात. दरवाजांच्या तळालाही असतात. आपली जांभ्याची माती बारीक, चिकट. एकदा त्या भोकात बसली की सिमेंटसारखी धरते. मग पाणी आत राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणून रंगावर फोड दिसला की वरचा फोड घासून लांबी (पुट्टी) भरण्यात अर्थ नसतो. फोड ही शेवटची पायरी असते, पहिली नव्हे.

आता मिठाचं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाणी धरतं, ते घरी बघितलंच असेल. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण आपल्याआप विरघळतो. आपल्याकडे पावसाळाभर, आणि एरवीही बऱ्याच रात्री, आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे हाताला कोरडी लागणारी गाडीसुद्धा रात्रभर खाऱ्या पाण्याचा पातळ थर अंगावर घेऊन उभी असते. हे मीठ लाटा फुटताना उडणाऱ्या बारीक तुषारांतून वाऱ्याबरोबर येतं, आणि किनाऱ्यालगतच्या पहिल्या काहीशे मीटरांत सगळ्यात जास्त खाली बसतं. तुमचं घर नेमकं त्या पट्ट्यात. तुम्ही दापोलीला, वर डोंगरावर राहायला आला असतात तर मी एवढं लिहिलं नसतं.

पावसाने गाडी गंजते असं सगळे म्हणतात. अर्धं खरं आहे. पाऊस टपावरचं, बोनेटवरचं मीठ धुऊन काढतो. मडगार्डच्या आतली वरची कड, पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू, मागच्या स्प्रिंगची बैठक, ब्रेकच्या नळ्या जिथे क्लिपमध्ये बसतात ती जागा, इथे पाऊस पोचत नाही. चिखल पोचतो आणि मीठ पोचतं. त्यामुळे गाडी खालून धुवायची ती मुख्यतः पाऊस नसताना. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत दर महिन्याला एकदा, आणि मेच्या मध्यापासून समुद्र खवळायला लागला की पंधरा दिवसांतून एकदा. सर्व्हिसिंगवाल्याकडे रॅम्पवर चढवा आणि सांगा, वरून नाही धुतलंत तरी चालेल. तो चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे.

पाणी मात्र कुठलं, ते बघा. आमच्याकडे एक काका येतात, शिक्षक होते. गाडी इतकी जपतात की चप्पल बाहेर काढून आत बसतील. पाचव्या वर्षी चारही दरवाजांच्या खालच्या कडा फुलल्या. "मेस्त्री, रोज धुतो हो मी, रोज! धुवून पुसतो. तरी गंजते कशी?" मला काही उमगेना. पुढे एकदा त्यांच्या घरी बॅटरी बदलायला गेलो. अंगणात पाइप सोडलेला, काका गाडीवर पाणी मारतायत. उन्हाने तोंड सुकलं होतं, म्हणून पाइपखाली ओंजळ धरली आणि घोट घेतला. मचूळ! विहीर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. प्यायचं पाणी नळाचं यायचं, विहिरीचं माडांना आणि गाडीला. पाच वर्षं त्या माणसाने रोज सकाळी मनोभावे गाडीला मिठाची अंघोळ घातली होती. तुमच्याही आगरात विहीर असेलच. फेब्रुवारीनंतर, पाणी खाली गेलं की, चव घेऊन बघा. मचूळ लागलं तर त्यापेक्षा गाडी न धुतलेली बरी. आणि ते पाणी रेडिएटरमध्ये तर चुकूनही नको. तिथे कूलंटच, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात.

कोटिंग. काळं, डांबरासारखं जाड कोटिंग नव्या कोऱ्या गाडीला, कोरड्या दिवसांत, हाताला घाई नसलेल्या माणसाने मारलं तर चांगलं. नऊ वर्षांच्या गाडीला धुऊन लगेच मारलं तर ओल्या भिंतीला रंग दिल्यासारखं होतं. वर्षा-दीड वर्षात कडा सुटतात. सुटलेल्या कडेतून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वर कोटिंग छान काळं दिसतं आणि खाली पत्रा निवांत सडत असतो, तुम्हाला दिसतही नाही, मलाही दिसत नाही. त्यात फवारा मारणारा पोरगा ती चण्याएवढी भोकंही बुजवून टाकतो. असल्या गाड्या मी जास्त सडलेल्या बघितल्यात, काहीच न मारलेल्यांपेक्षा.

तुमच्या गाडीला करायचं ते असं. गाडी खालून धुवायची आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात कोरडी होऊ द्यायची. जिथे गंज दिसेल तिथे तारेच्या ब्रशने चमकता पत्रा दिसेपर्यंत घासायचं, मग गंजरोधक प्रायमर, त्यावर रंग. पोकळ भागांत, म्हणजे सिल, दरवाजांचा तळ, डिकीच्या कडा, इथे नळीने मेणासारखं पातळ कोटिंग फवारून घ्यायचं. ते सांध्यांत झिरपतं आणि कडक होऊन तडकत नाही. शेवटी भोकं तारेने मोकळी करायची. हे जानेवारी ते एप्रिलमध्ये. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या तालुक्याला एकदम जाग येते, तेव्हा कोणीही गाडी नीट सुकू देत नाही, मीसुद्धा देत नाही, कारण रांग लागलेली असते.

जुने लोक जळकं ऑइल फवारायला सांगतील. ट्रकला मारतात, आणि पत्र्यापुरतं ते कामही करतं. पण रबरी बुश आणि होज त्याने फुगून मऊ पडतात, आणि पहिल्या पावसात ते तुमच्याच अंगणातून विहिरीकडे जाणार. नको.

आता ती अट. ठाणं सोडायच्या आधी, सामान बांधायच्याही आधी, गाडी तिथल्या एखाद्या गॅरेजात लिफ्टवर चढवा आणि स्वतः खाली उभे राहा. मोबाइलचा टॉर्च आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर. मेकॅनिकला "बघा हो जरा" म्हणून बाहेर चहाला जाऊ नका. दोन्ही बाजूंचे सिल, त्यातही जॅक लावायच्या जागा, टोचून बघा. पुढचा आडवा सांगाडा, ज्यावर लोअर आर्म बसतात, त्याचे वेल्डिंगचे सांधे बघा. मागचा ॲक्सल, स्प्रिंगची बैठक. ब्रेकच्या लोखंडी नळ्यांवरून बोट फिरवा. नुसती तपकिरी छटा चालेल, खरखरीत पापुद्रा नको. मग आत या आणि पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट उचला. तिथे ओल असली तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय, नाहीतर काचेखालच्या जाळीत पानं साठून पाणी आत येतंय. दोन्ही स्वस्तात सुटतात, पण ओल किती वर्षांची आहे ते पत्र्यावर दिसेल.

वरवरचा गंज सगळ्या गाड्यांना असतो, घाबरू नका. स्क्रूड्रायव्हर कुठेही आत गेला नाही तर गाडी आणा. सिलमध्ये गेला तर खर्च काढा आणि मग ठरवा. पुढच्या सांगाड्याच्या सांध्यात गेला तर तिथेच विका. तिच्यावर कुंभार्ली घाट उतरायचा नाही.

अजून एक गोष्ट आहे, जी गंजाइतकी डोळ्यांत भरत नाही. २०१६ची लहान गाडी, त्यातही खालचं मॉडेल असेल, तर तिला एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग नसण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून सक्तीचं झालं, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९पासून, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. तुम्ही गावातल्या गावात, बाजारहाट, बँक, देऊळ एवढंच फिरणार असाल तर मी हा मुद्दा फार ताणणार नाही. पण मुलं ठाण्याला आहेत आणि दर महिन्याला महामार्गाने जा-ये करणार, तीही पावसात, तर एबीएस नसलेली गाडी विकून असलेली घ्या, पत्रा कितीही चांगला असला तरी. माझ्या गाडीला नाही. जुलै-ऑगस्टात तिच्यातून मी चिपळूणच्या पुढे जात नाही. ओल्या डांबरावर लाल माती वाहून आलेली असली की ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे जाईल ते तीच ठरवते.

विकून इथेच जुनी घ्यायची ठरवलीत, तर एक पथ्य. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. बाजारपेठेतल्या गाड्या टपापर्यंत पाण्यात होत्या. त्यातल्या काही भंगारात गेल्या, काही धुऊन, सीटकव्हर बदलून पुन्हा रस्त्यावर आल्या. आणि पूर काय फक्त चिपळूणलाच येतो असं नाही. गाडी बघताना सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग असला तर पुढचं बोलणं थांबवा. सीटच्या रुळांचा गंज, हेडलाइटच्या आत तळाशी बसलेला गाळ, स्टेपनीच्या खड्ड्यात वाळू. वाळू पुराचीच असेल असं नाही. आपल्या पुळणीवर गाडी घालून फोटो काढणारे शौकीन कमी नाहीत. तसली गाडीही नको. चाकं रुतली की खारं पाणी बेअरिंगपर्यंत जातं, आणि ती गाडी वर्षभरात चाकांतून गुणगुणायला लागते.

पुराच्याच दिवसांतली गोष्ट. पाणी ओसरल्यावर एका गिऱ्हाइकाने "बघू तरी लागते का" म्हणून चावी फिरवली. एकदा ठक् वाजलं आणि थांबलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. चावी फिरवली नसती तर प्लग काढून, पाणी उपसून, ऑइल बदलून इंजिन वाचलं असतं. वर साध्या पॉलिसीने इंजिनाचा खर्च दिला नाही, कारण इंजिन प्रोटेक्शन हे वेगळं कवच घ्यावं लागतं. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ते घ्यावं. पाण्यातून गाडी काढताना बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. ढकलायला माणसं मिळतात आपल्याकडे.

गाडी आणलीत असं धरून रोजचं सांगतो. निवृत्त माणसाच्या गाडीचा मोठा शत्रू म्हणजे ती चालत नाही. किंवा चालते ती दोन किलोमीटर, भाजी आणायला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि ते सायलेन्सरमधून बाहेर जायला हवं. दोन किलोमीटरात सायलेन्सर तापतच नाही. वाफ आतच थंड होते आणि पाणी होऊन साचते. म्हणून अशा गाड्यांचे सायलेन्सर आतून सडतात. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. शृंगारतळीला बाजाराला जा, नाहीतर नुसतंच जाऊन या. ब्रेक, बॅटरी, एसी, सगळ्यालाच त्याचा फायदा.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. तुमची गाडी त्याच्या आधीची. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१मध्येच लिहून ठेवलंय की मुळात बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज २० टक्क्यांच्या पेट्रोलवर ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. तेवढं धरून चाला. मला काळजी वेगळी वाटते. इथेनॉल पाणी ओढतं, आणि महिनाभर उभी राहणारी गाडी, अर्धी रिकामी टाकी आणि दमट हवा हे काही चांगलं त्रिकूट नव्हे. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या दरवर्षी एकदा बोटांनी दाबून बघा. चिकट किंवा भेगाळ लागल्या तर लगेच बदला.

हँडब्रेक. गणपतीत हा फोन मला दर वर्षी येतो. चाकरमानी येतात, गाडी अंगणात लावतात, सवयीने हँडब्रेक खेचतात आणि सात दिवस आरत्या म्हणतात. गौरी-गणपती गेले, सामान भरलं, बायकामुलं बसली, आणि गाडी हलेना. मागचे ब्रेक ड्रमला चिकटलेले. जोर लावला तर लायनर सुटून येतं. पावसाळ्यात रात्रीपुरती गाडी लावली तरी हँडब्रेक नको. पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे चिऱ्याचा तुकडा लावा. पुढच्या डिस्कवर सकाळी नारिंगी गंज दिसेल, तो पहिल्या दोन ब्रेकला निघून जातो. त्यासाठी फोन करू नका.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. तेही हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी धरलेलं ऑइल घाटात तापलं की त्यात वाफ होते, मग पेडल खाली जातं. कुंभार्ली काय, आंबा काय, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे शहाणे मी रॅम्पवर बघतो, ब्रेक तापून डिस्क निळी पडलेली असते.

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, समुद्राचा वारा थेट त्याच्या तोंडावर. अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या पांढऱ्या पडून पिठासारख्या झडायला लागतात. माझा एक आठव्या वर्षी गेला. महिन्यातून एकदा साध्या पाइपने, पाण्याचा जोर न लावता, पुढून गोडं पाणी सोडा. प्रेशर गन नको, पात्या झोपतात. फेरीबोटीने दाभोळला किंवा जयगडच्या बाजूला गेलात तर त्याच संध्याकाळी गाडी खालून धुवा, कारण बोटीत चढायचा रॅम्प कायम खाऱ्या पाण्याने ओला. आणि ओहोटीला उतार उभा होतो. लहान गाडीचा बंपर सरळ नेलात तर घासतो. तिरकी घाला, बोटीवरचा पोरगा हात करेल तशी.

उंदीर. गाडीशेजारी भाताची पोती ठेवू नका, बाकी काही मी छातीठोक सांगू शकत नाही. तंबाखू झाली, डांबरगोळ्या झाल्या, बाजारातले फवारे झाले. एकदा तर डांबरगोळीच घरट्यात नीट रचून ठेवलेली सापडली. रोज चालणाऱ्या गाडीत ते कमी बसतात, एवढं माझ्या बघण्यातलं.

सीएनजी: बसवू नका. महिन्याला तीनशे-चारशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसाचे किटचे पैसे निघणार कधी? टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) करावी लागते, डिकी जाते, मागचं वजन वाढतं, आणि टाकीच्या पट्ट्या नि नटबोल्ट हे गंजायला आणखी एक ठिकाण. मेव्हण्यांना सांगा, मी म्हणालो.

कागदपत्रांत काही अवघड नाही. राज्य तेच असल्याने एमएच ०४ची गाडी इथे आणायला नंबर बदलावा लागत नाही, आरसीवर पत्ता बदलून घ्या. एप्रिल २०१९च्या आधीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावलेली नसेल तर ती लावा. २०३१मध्ये गाडीला १५ वर्षं होतील, तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवायला फिटनेस तपासणी लागेल. एप्रिल २०२२पासून त्याची केंद्राची फीच पाच हजार झाली, वर राज्याचा पर्यावरण कर. माझ्या गाडीची ती वेळ पुढच्या दसऱ्याला येते. घरात मी "नूतनीकरण करणार" असं सांगून ठेवलंय, पण खरं म्हणजे डिसेंबरात तिला रॅम्पवर चढवणार आणि दुसऱ्या बाजूचा सिल टोचून बघणार. त्या बाजूला गेली दोन वर्षं मी जरा घाबरूनच जॅक लावतोय.

गाडी कुठे लावायची, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही ठरवून घ्या. माडाखाली नको हे सांगायला नको. नारळ राहू दे, वाळकी झावळी पडली तरी टपाला खळगा पडतो. फणसाखाली, आंब्याखाली चीक आणि पानं, ती पानं काचेखालच्या जाळीत. गवतावर किंवा नुसत्या मातीवर लावलेल्या गाडीला रात्रभर खालून दमट वाफ लागते. प्लॅस्टिकचं कव्हर तर नकोच, आत घाम धरतं आणि वाऱ्याने फडफडून रंग घासतं. घराच्या पूर्वेच्या अंगाला, म्हणजे समुद्राच्या उलट बाजूला, चिऱ्यांची किंवा काँक्रीटची जोती करा, वर पत्रे, बाजू मोकळ्या. घरच वाऱ्याला आड येईल. गवंडी पावसाआधी मिळत नाहीत, तेव्हा हे काम गाडी आणायच्या आधीच सांगून ठेवा, आणि जोतीला थोडा उतार ठेवायला सांगा, पाणी गाडीखाली थांबता कामा नये.